मोताळ्याच्या माना आणि माझी खुर्ची

मोताळ्याच्या आठवडी बाजारात माझे चष्मे कोणाच्या नाकावर आहेत, हे मी वीस पावलांवरून ओळखायचो. फ्रेमवरून नव्हे, मानेवरून. हनुवटी छातीला टेकायला आलेली, कपाळ पुढे, आणि डोळे मात्र भुवयांखालून वर पाहणारे. टक्कर द्यायच्या बेतात असलेल्या एडक्याची असते तशी मान. कांद्याच्या ढिगापाशी एक, भज्यांच्या कढईपाशी दोन, बांगड्यांच्या दुकानासमोर एक बाई. सगळी माणसं शांत स्वभावाची. कोणाच्या अंगावर जायचा त्यांचा काही विचार नव्हता. मी त्यांचे चष्मे चुकीचे बसवले होते, एवढंच.

एवढंच असतं तरी ठीक होतं. चूक कळायच्या आधी मी त्या सगळ्यांना सांगत होतो की मोबाईलमुळे तुमची मान गेली. आणि चूक कळल्यावरसुद्धा बरेच महिने तेच सांगत राहिलो. धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी मला सुचवलं. गमती आहेत. पण त्या सगळ्या या एका चुकीतून निघाल्या आहेत, म्हणून ती आधी सांगून टाकली.

माझं चष्म्याचं दुकान आहे. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. डॉक्टर डोळे तपासून कागदावर नंबर लिहून देतात. तो नंबर काचेत घालून डोळ्यासमोर नेमक्या जागी आणून ठेवणं हे आमचं काम. लोकांना वाटतं नंबर बरोबर म्हणजे चष्मा बरोबर. तसं नसतं. चाळिशीनंतर बहुतेकांना दुहेरी काच लागते, म्हणजे वरच्या भागातून लांबचं पाहायचं आणि खाली एक छोटी खिडकी असते तिच्यातून वाचायचं. त्या खिडकीचा वरचा काठ डोळ्याच्या खालच्या पापणीला लागून यावा लागतो. तो दोन-तीन मिलिमीटर जरी वर गेला, तरी समोर पाहताना ती खिडकी मध्ये येते आणि समोरचा माणूस धुक्यातला दिसतो. मग डोकं आपोआप खाली जातं आणि डोळे काचेच्या वरच्या पट्टीतून वाट काढतात. माणसाला वाटतं आपण सरळच चाललो आहोत. मान बिचारी मुकाट्यानं माझी चूक सावरत असते.

तो काठ कुठे यावा, हे आम्ही गिऱ्हाईकाच्या डोळ्यावर फ्रेम चढवून मार्करच्या रेघेनं ठरवतो. आणि इथेच माझी खुर्ची आडवी आली.

आठ वर्षांपूर्वी मलकापूरचं एक सलून बंद झालं. तिथली खुर्ची मी आणली. लाल रेक्झिन, पितळी कडा, डोकं टेकवायला गादी. वर-खाली करायचा तिचा पंप बिघडला होता आणि ती अगदी खालच्या पायरीवर अडकून बसली होती. म्हणूनच ती मला मिळाली. पण थाट काय विचारता! शेतावरून आलेला माणूस तिच्यात बसला की धसकन खाली जायचा आणि हात दोन्ही बाजूंना टाकून राजासारखा पसरायचा. काहींना सवयच अशी, की मी फ्रेम घेऊन जवळ गेलो की ते गाल पुढे करत. वडनेर भोलजीचे एक आजोबा तर डोळे मिटून बसले. मी म्हटलं, "बाबा, डोळे उघडा." ते म्हणाले, "आदी साबन तं लाव."

मी उभा, गिऱ्हाईक खाली. मी बोलणार, तो माझ्या तोंडाकडे पाहणार. आपल्याकडे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणजे त्याची बुबुळं वर चढलेली, आणि मी वरून वाकून रेघ मारणार. रेघ नेहमी वर जायची. वर्षानुवर्षं, प्रत्येक वेळी, वर.

तुम्ही विचाराल, कोणी तक्रार कशी केली नाही? कारण आमच्याकडे चष्म्याची परीक्षा ठरलेली आहे. बाई चष्मा घ्यायला येते तेव्हा सुई-दोरा घेऊन येते. सुईत दोरा गेला की चष्मा पास. एका काकूंनी पदराच्या गाठीत मूठभर तुरीची डाळ बांधून आणली होती. माझ्या काउंटरवर पसरली, तीन खडे निवडले आणि म्हणाल्या, "बेस हाये." पुरुषमाणसं पेपरमधले कापसाचे भाव वाचतात. सगळी परीक्षा जवळची. आणि खिडकी वर गेली की जवळचं तर फारच छान दिसतं! माझ्या चष्म्यांची ख्याती झाली. लांबचं कसं दिसतं हे दुकानात कोणी पाहिलंच नाही. समोर ट्रॅक्टर उभा असायचा, आणि तो दिसला काय न दिसला काय, कोणाला फरक पडत नव्हता.

तक्रारी आल्या, पण त्या चष्म्याच्या नव्हत्या. त्या मानेच्या होत्या.

"गजूभाऊ, मान लय दुखून राह्यली."

मी विचारायचो, "मोबाईल पाह्यता का?"

आता मोबाईल कोण पाहत नाही? माणूस ओशाळायचा. "हाव, पाह्यतो थोडासा."

"मंग?"

एवढ्या 'मंग'वर मी कितीतरी माणसं परत पाठवली.

एक गृहस्थ मुलासाठी मुलगी पाहायला उंद्रीला गेले होते. हनुवटी खाली आणि डोळे वर, अशा पवित्र्यात ते तिथे दोन तास बसले. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की स्थळ चांगलं आहे, पण सासरा फार तापट दिसतो. ते माझ्याकडे येऊन रडकुंडीला आले. "भाऊ, मी त्याहिच्या घरी फकस्त पोहे खाल्ले हो! तोंडातून अक्षर नाई काढलं!" मी त्यांना उशी बदलायला सांगितली.

होता होता मी गावचा मानतज्ज्ञ झालो. दुकानात मी एक पाटी लावली, 'मान सांभाळा'. फोन डोळ्यांसमोर धरा, डोळे फोनकडे नेऊ नका. उशी एकच, तीही पातळ. लोळून टीव्ही पाहू नका. शिवण, निवडणं-टिपणं करताना अर्ध्या तासानं उठून लांब पाहा. हा उपदेश खरा होता, आजही मी तोच करतो. कॉलेजच्या पोरांना त्याचा उपयोगही झाला. पण ज्याच्या नाकावर मीच त्याची मान वाकवणारं यंत्र बसवलं होतं, त्याला तो सांगणं म्हणजे बुटात खिळा असलेल्याला नीट चाल म्हणण्यातला प्रकार.

मग एका शाळेनं मला मुलांपुढे बोलायला बोलावलं. बोलावणारे होते इंगळे सर, शाळेचे खेळाचे शिक्षक. सहा फूट उंच, आवाज असा की मैदानावर त्यांनी "सावधान" म्हटलं की एसटी स्टँडवर कंडक्टर ताठ व्हावा. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी गावाच्या मुलांना एकच गोष्ट शिकवली, "मान वर, नजर समोर!" सव्वीस जानेवारीची परेड म्हणजे इंगळे सर, हे समीकरणच होतं. आणि त्याच्या तीन वर्षं आधी, सहा फुटांसकट, तेही माझ्या खुर्चीत धसकन बसून गेले होते. काळी, जाड, प्लॅस्टिकची फ्रेम त्यांनी घेतली होती.

मी मुलांना सांगितलं, "मोबाईलमध्ये डोकं घालून बसलं की माणसाची मान अशी होते," आणि हनुवटी छातीला लावून, डोळे वर करून दाखवलं. चारशे मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मग चारशे मुलांनी एकदम इंगळे सरांकडे पाहिलं.

सहावीतली एक मुलगी उठली. "काका, सरांजवळ तं बटनाचा फोन हाये. मंग सरांची मान काऊन तशी?"

असा हशा पिकला की शिक्षकसुद्धा रुमालात तोंड घालून हसले. सरांनी "बसा खाली!" म्हटलं, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मग हळू आवाजात म्हणाले, "वय झालं, बाई, म्हणून." आणि मी, मानतज्ज्ञ, माइकवरून म्हणालो, "बरोबर आहे. वयानंसुद्धा होतं."

तो प्रश्न घेऊन मी घरी आलो. तो सुटला माझ्या बायकोमुळे, सुनंदामुळे. आम्हा दोघांनाही त्याच वर्षी दुहेरी काच लागली होती. माझी रेघ मी आरशासमोर उभं राहून मारली होती, तिची खुर्चीत बसवून. एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "एक सांगा. उशी तीच, मोबाईल तोच, तोही जास्ती तुमच्याच हातात रायते. मंग तुमची मान सरळ अन् माझीच काऊन वाकडी?"

मी म्हटलं, "तू खाली पाहून सयपाक करतेस."

"तुमी काय वर पाहून जेवता?"

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, त्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बोला काईतरी." मी बोललो. ती म्हणाली, "तुमच्याकडे पाहाले मले छताकडे पाहा लागून राह्यलं." मी मार्कर उचलून तिच्या काचेवर रेघ मारली. मग समोर स्टूल घेऊन बसलो, माझे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणले, तिला माझ्या कानावरून रस्त्यापलीकडे पाहायला सांगितलं आणि दुसरी रेघ मारली. दोन रेघांमध्ये एक मुंगी आरामात झोपली असती.

सुनंदा काचेकडे पाहून म्हणाली, "इतल्या लोकाइले आता काय सांगान?"

मी म्हटलं, "काही नाही सांगायचं."

हे वाक्य मी लिहून ठेवतो आहे, कारण माझ्या हिशेबी खरा गुन्हा तो आहे. रेघ चुकली ती अडाणीपणानं. गप्प बसलो ते समजून-उमजून. सांगितलं तर गाव हसेल, दुकान बसेल, 'मान सांभाळा'ची पाटी लोक माझ्याच गळ्यात अडकवतील. म्हणून मी चोरून दुरुस्ती सुरू केली. दुकानाबाहेर बोर्ड लावला, 'चष्म्याची मोफत सर्व्हिसिंग'. धातूच्या फ्रेमला नाकावर टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या असतात. त्या जराशा फाकवल्या की चष्मा खाली सरकतो आणि खिडकीही त्याच्याबरोबर उतरते. मी पुसून देतो म्हणून चष्मा आत न्यायचो आणि गाद्या फाकवून आणायचो. माणूस चष्मा घालून बाहेर पडायचा, दाराशी थबकायचा आणि म्हणायचा, "पुसल्यावर लयच साफ दिसते राजा!" तापट ठरलेले सासरेबुवा चार दिवसांत मवाळ झाले. मला आशीर्वाद मिळायला लागले. चोराला माल परत केल्याबद्दल हार घालावेत तसं ते होतं.

प्लॅस्टिकच्या फ्रेमला मात्र त्या गाद्या नसतात. तिथे काचच बदलावी लागते, आणि काच का बदलतो हे सांगावं लागतं. इंगळे सरांची फ्रेम प्लॅस्टिकची होती.

ते सर्व्हिसिंगला आले नाहीत. ते व्यायाम विचारायला आले.

"गजूभाऊ, तुमाले मानेतलं कयते. मले काई व्यायाम सांगा. सव्वीस जानेवारीले माई शेवटची परेड हाये. उन्हाळ्यात मी रिटायर होऊन राह्यलो."

तोवर त्यांनी गरम वाळूची पुरचुंडी शेकून पाहिली होती, तेल चोळून पाहिलं होतं, पंधरा दिवस गळ्याला पट्टा बांधून पाहिला होता. पट्ट्यानं मान सरळ राहायची, पण मग लांबचं दिसायचं नाही. एकदा पट्टा घालून त्यांनी झेंडावंदनाला आलेल्या मुख्याध्यापिका बाईंना "ए, रांगेत उभी राह्य!" म्हटलं होतं.

खरं सांगायची याहून चांगली वेळ नव्हती. मी त्यांना व्यायाम सांगितले. बोटानं हनुवटी मागे ढकला, दहा आकडे मोजा. खांदे मागे घ्या, दहा आकडे मोजा.

सर शिस्तीचा माणूस. दोन महिने त्यांनी सकाळ-संध्याकाळ मानेची परेड घेतली. आकडे मनात मोजणं त्यांना ठाऊक नव्हतं. पहाटे अंगणात "एक! दोन! तीन!" सुरू झालं की शेजारची कुत्री रांगेत बसत, असं त्यांच्या सौभाग्यवती सांगत. वर्गात व्यायाम सुरू झाला की मुलंही सोबत करत. व्यायाम उत्तमच होते. सरांच्या खांद्यांना त्याचा फायदाही झाला. पण चष्मा चढवला की मान पुन्हा खाली.

जानेवारी लागला आणि सर दुकानात आले. खिशातून चार घड्या केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मुख्याध्यापिका बाईंना अर्ज होता. प्रकृतीच्या कारणानं यंदाची परेड नवीन शिक्षकांकडे द्यावी.

"पोट्टे नक्कल करतेत," सर म्हणाले. "करू द्या. पोट्टेच हायेत ते. पन मी 'मान वर' म्हनतो अन् माईच खाली. पाहुण्याईसमोर कसं बरं दिसन ते? तुमी एक डाव वाचून पाहा, शुद्धलेखन पाहा, मंग देतो."

मी अर्ज वाचला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी म्हटलं, "सर, अर्ज आठ दिवस ठेवा माझ्याजवळ. आणि तुमच्या काचा घासल्या आहेत. बदलून देतो. दुकानातर्फे."

पाहा! तेव्हाही मी 'घासल्या' म्हणालो.

त्यांना स्टुलावर बसवलं, स्वतः दुसऱ्या स्टुलावर बसलो. डोळ्याला डोळा. "सर, माझ्याकडे पाहू नका, तिकडे लांब पाहा. मैदानावर उभे राहता तसे बसा." रेघ मारली. मग त्यांना उठवून चालायला लावलं, परत बसवलं, परत तपासली. आयुष्यात मी इतक्या काळजीनं एकही रेघ मारली नव्हती. तिसऱ्या दिवशी सर नवा चष्मा घालून दुकानाबाहेर पडले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि पार टोकाची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. दहा-बारा दिवसांत मान पुष्कळ वर आली. अर्ज त्यांनी माझ्याकडून घेऊन फाडला.

मला वाटलं, सुटलो.

सव्वीस जानेवारीसाठी शाळेचं पाहुणे म्हणून बोलावणं आलं. सुनंदाला घेऊन गेलो. परेड झाली. इंगळे सर मैदानाच्या मध्यावर खांबासारखे उभे, आणि त्यांच्या एका आवाजावर चारशे मुलं वळत होती. सुनंदानं कोपर मारून विचारलं, "सांगतलं का सराइले?" मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग सरांना निरोपाचे दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपाशी आले आणि त्यांनी आधी माझं नाव घेतलं. गजूभाऊंनी व्यायाम सांगितले, त्यांच्यामुळे आज मी उभा आहे, असं म्हणून त्यांनी मला वर बोलावलं. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, एवढ्यावर भागेल.

पण सर मुलांकडे वळले. "अन् तुमाले एक सांगाचं राह्यलं. चार वर्सं मी तुमाले मान वर म्हनत होतो अन् माईच खाली होती. तुमी हासले. बरोबर हासले. तो माया आळस होता. व्यायाम केला असता तं ते पहिलेच नीट झालं असतं. मास्तरनं आधी सोता कराव अन् मंग सांगाव. त्याच्यापायी मी तुमची माफी मागतो."

आणि त्या सहा फुटी माणसानं मुलांपुढे हात जोडले. खाली सुनंदा माझ्याकडे पाहत होती. मी आयुष्यात पुष्कळ नजरांचं माप घेतलं आहे. तशी नजर परत माझ्या वाट्याला येऊ नये.

"आता गजूभाऊ दोन शब्द बोलतीन," सर म्हणाले आणि त्यांनी माइक माझ्याकडे दिला. नारळ कुठे ठेवावा कळेना, म्हणून मी तो काखेत धरला. माइक नको तितका जवळ घेतला, त्यामुळे तो किंचाळला आणि पुढच्या रांगेतली मुलं हसली. ती गप्प होईस्तोवर थांबलो. मग म्हणालो ते असं:

"मुलांनो, सरांनी आत्ता तुमची माफी मागितली, ती त्यांनी मागायची नव्हती. सरांची मान कधीच खराब नव्हती. मी त्यांचा चष्मा चुकवला. मी त्यांना खाली बसवून, वरून वाकून माप घेतलं, म्हणून त्यांना चार वर्षं मान वाकवून पाहावं लागलं. हे मला गेलं वर्षभर माहीत होतं. मी भ्यायलो, म्हणून सांगितलं नाही. त्यांच्याकडून दोन महिने फुकट व्यायाम करून घेतले. गावात अजूनही ज्यांच्याकडे माझे जुने चष्मे आहेत, त्यांना घरी जाऊन सांगा, काचा बदलून देतो, आणि का बदलतो तेही सांगतो. सर, ही शाल माझी नाही. तुमचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं. मले माफ करा."